मुरबाडची नाचणी, मानपाड्याचं रेशन

मावशी सुपात तांदूळ पसरून दारात बसल्या होत्या. मानपाड्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, उजेड काय तो उंबऱ्यापाशीच. खडे निवडताहेत असं मला वाटलं. पण बाजूच्या वाटीत जे जमत होतं ते खडे नव्हते. किंचित पिवळसर, जरा जास्तच गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखे एकसारखे दाणे होते. “प्लास्टिकचा तांदूळ हाय ताई. रेशनला मिसळून देतात.” वाटी भरली की ती गटारात जायची.

तो दाणा सरकारने मुद्दाम घातलेला होता. तांदळाचं पीठ करायचं, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळायचं, यंत्रातून पुन्हा तांदळासारखा दाणा काढायचा आणि १०० किलो तांदळामागे असा १ किलो मिसळायचा. १५ ऑगस्ट २०२१ला लाल किल्ल्यावरून याची घोषणा झाली आणि २०२४पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळा, सगळीकडचा तांदूळ असा झाला. मावशींच्या घरी महिन्याला १२ किलो तांदूळ येतो. म्हणजे १२० ग्रॅम दाणे असे, आणि नेमके तेवढेच त्या वेचून फेकतात. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा दाणा वेचला.

मी आहारतज्ज्ञ नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या ३१ घरांनी मुरबाडच्या एका गावाकडून तांदूळ-नाचणी घ्यायचं ठरवलं, त्याची वही तीन वर्षं माझ्याकडे आहे. खाली लिहिलंय ते त्या वहीतलं आणि तिच्या आजूबाजूचं.

एका घरची दोन ताटं

मावशी आमच्याकडे चौदा वर्षं कामाला येतात. माहेर मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या बाजूला. तिथे त्यांचा भाऊ, म्हणजे आमच्या तोंडी आता ‘दादा’, दीड एकर भातखाचर आणि वर डोंगराच्या कडेला एक एकर वरकस जमीन कसतो. मावशींच्या लहानपणी खाचरात भात आणि वरकसात नाचणी, वरई, कडेने खुरासणी असायची. घाण्याचं खुरासणीचं तेल, नाचणीची भाकरी, पावसाळ्यात शेवळं आणि कंटोळी. मिठामिरचीला आणि कपड्यालत्त्याला तेवढं बाजारात जायचं, म्हसाच्या जत्रेला घोंगडी घ्यायची.

आज दादाच्या घरात रेशनचा तांदूळ शिजतो. स्वतःचा भात तो विकतो. २०२२च्या दिवाळीत मी पहिल्यांदा त्याच्या ओट्यावर बसले तेव्हा वरकसातल्या एका एकरापैकी नाचणीखाली होते सात गुंठे. बाकी गवत. मी का म्हणून विचारलं, तर दादा काही बोलला नाही, वहिनी बोलल्या: “फुकट तांदूळ घरात येतोय ताई. राब भाजा, रोप काढा, वर नेऊन खोसा, रात्रीची डुकरं राखा. कोण मरायला जातंय तिथं?”

याला उत्तर नाही माझ्याकडे. नाचणीची मळणी, पाखडणी, निवडणी सगळी बाईच्या अंगावर पडते. फुकटच्या तांदळाने वहिनींचे दोन महिने वाचवले, हेही या हिशेबात धरायला हवं. स्थानिक अन्नाबद्दल गहिवरून बोलणारे लोक ते बहुतेक विसरतात.

आणि रेशन वाईट आहे असं म्हणण्याची माझी तरी छाती नाही. २०२०च्या टाळेबंदीत मावशींची सगळी घरकामं सुटली. त्या एप्रिलपासून माणशी ५ किलो जादा धान्य मिळत होतं, चौघांचं घर त्यावर तगलं. गावचं कार्ड मानपाड्याच्या दुकानात चालतं, हीसुद्धा केवढी सोय आहे. भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्यात, यंत्रावर अंगठा उमटत नाही, मग तीनतीनदा पुसून लावायचा, तरी मिळतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा, राज्यात तो २०१४पासून लागू आहे. तेव्हा तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३पासून पैसेच लागत नाहीत.

माझी अडचण पुढची आहे. त्या कायद्यात तिसरीही किंमत लिहिली होती: भरड धान्य १ रुपया किलो. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात नाचणी पिकते, जिल्ह्यातल्या अंगणवाडीत नाचणी हवी असते, पण मानपाड्याच्या त्या दुकानात चौदा वर्षांत मावशींना नाचणीचा एक दाणा मिळालेला नाही. पोत्यांवरचे शिक्के मी एकदा वाचले. गहू पंजाबचा, तांदूळ भंडाऱ्याकडचा. आठ-नऊशे किलोमीटरवरून तांदूळ येतो आणि ज्या गावात भात पिकतो तिथेही तोच जातो.

पहिलं वर्ष: गिरणीने काय केलं

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायची पद्धत अजून टिकून आहे. डबे उन्हात, तांदळाला बोरिक पावडर, गव्हाला एरंडेल. त्यामुळे ‘वाण्याऐवजी दादाकडून घेऊ’ हे पटायला वेळ लागला नाही. ३१ घरांनी नावं दिली.

दादा आणि त्याच्या तीन शेजाऱ्यांकडून २० क्विंटल भात घेतला, कर्जत-३ जातीचा. त्या वर्षीचा हमीभाव २,०४० रुपये क्विंटल होता, आम्ही २,२०० दिले. ४४,००० भाताचे, ३,००० भरडाईचे, ३,५०० पोती आणि निवडणाऱ्या बायकांचे, ५,००० टेम्पोचे. एकूण ५५,५००. दर शंभर रुपयांतले जवळजवळ ८० शेतकऱ्याकडे गेले, याचा मला त्या रात्री फार आनंद झाला होता.

सकाळी पोती उघडली.

सरकारी भरडाईत १०० किलो भाताचे ६७ किलो तांदूळ धरतात. आम्हाला ६० मिळाले, आणि १२ क्विंटल तांदळात दीड क्विंटल कणी. गावातली गिरणी म्हणजे एक जुना हलर. तो टरफल काढता काढता दाणाही मोडतो. त्यात भात खळ्यावर जरा जास्तच वाळलेला, मग तर विचारायला नको. कणी २५ रुपयांनी फुंकून टाकल्यावर चांगला तांदूळ आम्हाला ४९ रुपये किलो पडला. आम्ही तो ५२ला दिला, वरचे तीन रुपये पुढच्या हंगामासाठी राखले. वाण्याकडे पॉलिश केलेला, एकसारखा, पांढराशुभ्र कोलम ५६ला होता. चार रुपये वाचवण्यासाठी खडे निवडायला चौथ्या मजल्यावरच्या काकू तयार नव्हत्या. त्यांचं काय चुकलं?

एक गोष्ट मात्र त्या कणीने शिकवली. तांदूळ जितका घासावा तितका दिसायला चांगला, टिकायला चांगला आणि खायला पोकळ. आपण तो घासून पांढरा करतो, कोंड्याबरोबर लोह आणि ब जीवनसत्त्वं घालवतो, मग पिठात औषधं मिसळून दाणा घडवतो आणि परत त्याच तांदळात टाकतो. मग मावशी तो वेचून काढतात. कमी घासलेला तांदूळ लवकर खवट होतो हे खरं. पण जो तांदूळ दोन वर्षं गोदामात राहायचा नाही आणि ८०० किलोमीटर जायचा नाही, त्याला एवढा घासायचं कारणच काय?

त्या वर्षी ४ क्विंटल नाचणीची मागणी नोंदवली होती. आली ८५ किलो.

दुसरं वर्ष: नाचणी आली, खाणारे कुठे गेले

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष होतं. ‘श्रीअन्न’ हा शब्द बसथांब्यावरच्या फलकांपर्यंत पोचला. आम्हीही हवेत होतो. आम्ही ४५ रुपये किलोचा शब्द दिला आणि दादासह चार घरांनी मिळून दीड एकर वरकसात नाचणी खोसली. नाचणीचा हमीभाव तेव्हा ३,८४६ रुपये क्विंटल होता, पण तो कागदावर. जिथे खरेदी केंद्र नाचणी घेतच नाही तिथे हमीभाव ऐकायला बरा. गावचा दुकानदार २५ रुपये देत होता, तोही बरेचदा मीठ-तेलाच्या उधारीत वळता करून.

डुकरांनी एक कोपरा साफ केला. तरी साडेचार क्विंटल झाली. वहिनींनी फोनवर वजन सांगितलं तेव्हा मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

आमच्या ३१ घरांनी त्यातली १८० किलो घेतली. एवढीच. रविवारी एक भाकरी, कोणाला मधुमेह म्हणून आंबील, कोणाच्या नातवाला सत्त्व. ठाण्यातल्या आमच्यासारख्या घरात नाचणी हे औषध आहे, जेवण नाही. २७० किलो नाचणी माझ्या बंद बाल्कनीत पोत्यांत बसून राहिली, आणि शेतकऱ्यांना पैसे तर आधीच दिलेले.

ही माझ्या गृहीतकाला बसलेली थप्पड होती. ‘शहराने गावाकडून घ्यावं’ हे बोलायला सोपं. पण हौशी गिऱ्हाईक बेभरवशाचं असतं. मे महिन्यात गावी जातं, डाएट बदलतं, घर बदलतं. वरकसात नाचणी खोसायची का हे दादाला जूनमध्ये ठरवायचं असतं. त्याला पक्कं गिऱ्हाईक हवं, रोज ताट वाढणारं. असं गिऱ्हाईक आपल्याकडे एकच आहे: सरकार.

बाल्कनीत बसून मी एक हिशेब केला. अंगणवाडी वर्षात ३०० दिवस चालायची असते. ३० मुलं धरा. प्रत्येकाला रोज ३० ग्रॅम नाचणी, एका लाडवापुरती. दिवसाला ९०० ग्रॅम. वर्षाला २७० किलो. माझ्या बाल्कनीत बरोबर एक अंगणवाडी पडून होती.

नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. लोहही साडेचार मिलिग्रॅमपर्यंत असतं. पोषणयुक्त केलेल्या तांदळात १०० ग्रॅमला २.८ ते ४.२५ असावं असा नियम आहे. नाचणीतलं लोह अंगी लागायला ती भिजवून मोड आणावे लागतात, नाहीतर बरंच वाया जातं, हे मान्य. पण मोड आणून सत्त्व काढणं आपल्या आज्यांना शिकवावं लागलं नव्हतं. आणि नाचणी कोणी वेचून गटारात टाकत नाही.

कार्यालयातली दुपार

आम्ही तिघी एका सरकारी कार्यालयात गेलो: मी, मावशी आणि वहिनींच्या बचत गटाच्या अध्यक्ष, ज्या पहाटेच्या एसटीने कल्याणला उतरून आल्या होत्या. पिशवीत नाचणी-गुळाचे लाडू, शंभर रुपये भरून काढलेलं अन्न परवान्याचं नोंदणीपत्र आणि माझा हिशेबाचा कागद.

मॅडम चांगल्या होत्या. लाडू खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग म्हणाल्या की पुरवठा वरून ठरतो. त्यासाठी निविदा, निविदेला मागच्या वर्षांची उलाढाल, अनामत रक्कम, प्रयोगशाळेचे अहवाल, सगळ्या प्रकल्पाला, म्हणजे त्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना, पुरेल एवढी क्षमता. एका अंगणवाडीपुरता पुरवठा असा प्रकारच त्यांच्या कागदात नव्हता. “तुम्ही लोकसहभागातून दान म्हणून देऊ शकता,” त्यांनी सुचवलं. मनापासून सुचवलं.

गटाच्या अध्यक्ष इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “दान नाय द्यायचं मॅडम. इकायचं हाय.”

२००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारातून कंत्राटदार दूर ठेवा, गावचे समूह आणि बचत गट यांना काम द्या असं सांगितलं होतं. कागदावर आजही बचत गटांना प्राधान्य आहे. पण प्राधान्य देऊन पुढे उलाढालीची अट घातली की गटाच्या नावाने नेमकं कोण उभं राहू शकतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मुलामागे रोजचे ८ रुपये मंजूर असतात. ते ३० मुलांचे दिवसाला २४० होतात. ९०० ग्रॅम नाचणी आमच्या भावाने ४० रुपये ५० पैसे. गूळ, शेंगदाणे, इंधन, बाईची मजुरी धरूनही लाडू त्यात बसतो.

असं करताच येत नाही, असंही नाही. आपल्याच राज्याने नोव्हेंबर २०१५मध्ये डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस ताट, आणि त्याचे पैसे गावच्या आहार समितीच्या हाती. जे गावात मिळेल ते समिती घेते. कर्नाटक हमीभावाने नाचणी घेऊन दक्षिणेकडच्या रेशन दुकानांत देतं. ओडिशाने २०१७मध्ये भरड धान्य अभियान सुरू केलं, आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी विकत घेतली आणि केंदुझर, सुंदरगडच्या अंगणवाड्यांत तिचे लाडू वाटले. कायदा तोच, देश तोच. फक्त तिथे नाचणीला खरेदी केंद्र, गोदाम आणि खाणारं तोंड एका साखळीत आणलं.

आपलं राष्ट्रीय धोरण असं का, याला इतिहास आहे. माझ्या वडिलांनी रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, १९७२च्या दुष्काळात आईने सुकडी वाटली. अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसणाऱ्या देशाने १९६५मध्ये अन्न महामंडळ काढलं आणि जे सर्वांत लवकर, सर्वांत जास्त पिकेल आणि पोत्यांत टिकेल ते उचलायचं ठरवलं. त्या वेळी ते बरोबरच होतं. पण त्या यंत्राला पोतीच मोजता येतात, आणि साठ वर्षांनीही ते तेच मोजतंय. हमीभाव तेवीस पिकांना जाहीर होतो, खरेदीचा भर गहू-भातावर राहतो. मग पंजाबने पाणी उपसून भात लावला आणि आमच्या दादाने वरकस सोडलं. दोघेही आपापल्या जागी शहाणेच.

आणि एवढं करून तांदूळ उरतोच. २०२४-२५मध्ये अन्न महामंडळाच्या साठ्यातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी द्यायचं ठरलं, २,२५० रुपये क्विंटलने. तोच तांदूळ खरेदी, भरडाई, साठवण, वाहतूक धरून सरकारला ४,०००च्या घरात पडतो. त्या तोट्यात किती अंगणवाड्यांचे लाडू झाले असते, हा हिशेब मी बाल्कनीत करायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. चिडचिड व्हायला लागली.

सिकलसेलचं आणखी एक. ठाणे-पालघरच्या पाड्यांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लोह मिसळलेलं अन्न अशा रुग्णांनी घेऊ नये अशी सूचना पाकिटावर छापायचा नियम होता, तो पुढे काढला. छापला असता तरी रेशनचा तांदूळ पिशवीत सुटा मिळतो. सूचना वाचायची कशावर? सगळ्या देशाला एकच औषध एकाच भातातून द्यायचं ठरवलं की असे प्रश्न दुकानाच्या पायरीवर येऊन पडतात.

तिसरं वर्ष आणि आत्ता

त्या २७० किलोंपैकी ९० किलो कासारवडवलीच्या एका बिस्किटं करणाऱ्या ताईंनी घेतली. उरलेली गावच्या दुकानदाराला २८ने परत गेली. ज्या टेम्पोने आली त्याच टेम्पोने. १८० किलोंवर किलोमागे १७ रुपये, म्हणजे ३,०६० रुपयांचा खड्डा आणि वर टेम्पो. तो १९ घरांनी भरला. बाकीच्या बारांनी गट सोडला, त्यातले दोघे अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

२०२४मध्ये दादाने नाचणी दहा गुंठ्यांवर आणली. आम्हीच सांगितलं. जेवढी आम्ही खातो तेवढीच. भाताचं मात्र सुधारलं: पोती मुरबाडजवळच्या रबर रोलरच्या गिरणीत नेली, भात ओलावा राखून झोडला, कणी निम्म्यावर आली. तांदूळ थोडा तांबूस ठेवला. चौथ्या मजल्यावरच्या काकू आता तोच घेतात, पेजेला बरा म्हणून.

दादाच्या गावापासून अर्ध्या तासावर वरकस जमिनींवर फार्महाऊसचे फलक लागलेत. गुंठ्याचा भाव ऐकला तर नाचणीचं नाव काढायची लाज वाटते. भिवंडीला माणकोलीच्या आजूबाजूची खाचरं गोदामांखाली गेली, तिथून निघालेली नाचणीची पाकिटं आता आमच्या सोसायटीत मागवल्यावर दहा मिनिटांत येतात. अर्धा किलो पीठ, ७५ रुपये. पाकिटावर पिकवणाऱ्या गावाचं नाव नसतं.

या जूनमध्ये आम्ही १९ घरांनी निम्मे पैसे आगाऊ दिले. बचत गटाच्या अध्यक्षांनी गावच्या अंगणवाडीतल्या ताईंशी परस्पर बोलून ठेवलंय. आठवड्यातून एक दिवस लाडू, पैसे ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या निधीतून निघतात का ते बघायचं. ग्रामसेवक ‘बघू’ म्हणालेत. अध्यक्षांच्या मते या ‘बघू’मध्ये जरा दम आहे, कारण ग्रामसेवकांनी किलोचा भाव विचारला.

मावशी परवा गावाहून आल्या तेव्हा दोन पायली नाचणी घेऊन आल्या, घरच्यापुरती. रेशनचा तांदूळही आणलाच. सूप घेऊन दारात बसल्या होत्या.